रंग ओळखायला अडचण आहे आणि पायलट व्हायचंय? या चुका टाळा

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. बारावी झालेली मुलं ‘मेडिकलच्या आधी एकदा डोळे बघून द्या’ म्हणत माझ्याकडे येतात. इशिहारा ही रंगीत ठिपक्यांत दडलेले आकडे ओळखायची चाचणी. तिच्या पुस्तकात ७४ हा आकडा असलेलं एक पान आहे. एखादा मुलगा त्यावर ठामपणे ‘२१’ म्हणतो आणि सोबत आलेल्या वडिलांचा चेहरा उतरतो. मग कळतं की फ्लाइंग स्कूलचा पहिला हप्ता भरून झालाय.

आधी फी, मग मेडिकल

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बारामतीला शिका, गोंदियाला शिका नाहीतर परदेशात जा, आपल्याकडच्या व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि एकूण खर्च सहज ५० लाखांच्या घरात जातो. कर्जासाठी घर किंवा शेत तारण ठेवलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. ‘क्लास टू झालंय ना, मग डोळे पास,’ असं त्यांना वाटत असतं. क्लास टू मेडिकल विद्यार्थी परवान्यापुरतं असतं. विमान कंपनीत नोकरी करायची तर डीजीसीए या आपल्या विमानवाहतूक नियामकाचं क्लास वन लागतं आणि तिथे रंगांची तपासणी पुन्हा, नीट होते. म्हणून क्लास वन हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. शाळेने ‘आज भरलेत तर सवलत’ म्हटलं तरी भरू नका.

मोबाइलवर केलेली चाचणी

मोबाइलवरची इशिहारा चाचणी धरू नका. प्रत्येक स्क्रीनचे रंग वेगळे, त्यात रात्रीचा पिवळसर मोड चालू असला तर बघायलाच नको. छापील पुस्तकही उन्हात ठेवून विटलेलं किंवा बोटांच्या डागांनी मळलेलं असेल तर निकाल चुकतो. पानं साधारण ७५ सेंटिमीटरवर, दिवसाच्या उजेडात किंवा तशाच पांढऱ्या दिव्याखाली धरायची आणि तीन सेकंदांत उत्तर द्यायचं. पिवळ्या बल्बखाली हिरव्याची कमतरता असलेला मुलगा कधीकधी निभावून जातो. तसा ‘पास’ खऱ्या मेडिकलला टिकत नाही.

पानं पाठ करणं

क्रम घोकून गेलेली मुलं मला माहीत आहेत. अनुभवी परीक्षक पानं उलटसुलट दाखवतो, तेव्हा ती सापडतात. पण सापडली नाहीत तर जास्त वाईट, आणि हे मी मनापासून सांगतोय. धावपट्टीशेजारी पापी नावाचे चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतरण्याचा कोन बरोबर. चारही लाल म्हणजे विमान फार खाली आलंय. २६ जुलै २००२ रोजी अमेरिकेतल्या टॅलाहासी इथे पहाटेच्या अंधारात एक मालवाहू बोइंग ७२७ धावपट्टीच्या अलीकडेच झाडांवर आदळलं. तिघं कर्मचारी जखमी झाले, पण वाचले. तपासात थकवा आणि एकमेकांवर लक्ष न ठेवणं ही कारणं निघाली. त्यांच्यासोबत सहवैमानिकाचा रंगदृष्टीदोषही नोंदवला गेला. विमान तोच चालवत होता.

‘नापास’ हेच निदान समजणं

दुसऱ्या टोकाची चूकही होते. इशिहारात अडकलं की घरचे स्वप्नच गुंडाळून ठेवतात. इशिहारा ही चाळणी आहे. दोष आहे का, एवढंच ती सांगते. तो किती आहे, हे तिच्यावरून ठरत नाही. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकू-पेशींपैकी लालचा दोष की हिरव्याचा, सौम्य की तीव्र, हे अ‍ॅनोमॅलोस्कोप या यंत्रावर किंवा कॅड नावाच्या संगणकीय चाचणीवर कळतं. ब्रिटनमध्ये कॅडवर हिरव्याच्या दोषाला ६ आणि लालच्या दोषाला १२ एककांपर्यंतची मर्यादा आहे. तिच्या आत बसलेला उमेदवार पास होतो. आंतरराष्ट्रीय नियमांतही पानांवर अडखळलेल्याने विमानवाहतुकीतले रंगीत दिवे अचूक ओळखले तर त्याला पात्र धरण्याची तरतूद आहे. तेव्हा प्रकार आणि तीव्रता लिहिलेला अहवाल घ्या आणि पुढच्या चाचणीची मागणी लेखी करा. तोंडी उत्तरावर परत फिरू नका.

अमेरिकेतून वळसा

‘तिकडे सोपं असतं, तिकडून परवाना आणू.’ हे वाक्य दर महिन्याला ऐकतो. भारतात तो परवाना बदलून घेताना डीजीसीएचं क्लास वन लागतंच. आणि तिकडेही १ जानेवारी २०२५ पासून पहिल्यांदा मेडिकल देणाऱ्यांना संगणकीय रंगचाचणी सक्तीची झाली आहे. त्यात नापास झालं तर फक्त दिवसा आणि बाहेर नजरेने बघत उडण्याच्या नियमांनी उडण्याचा शिक्का बसतो. छंद म्हणून विमान चालवायला तेवढं पुरतं. रात्री आणि ढगांतून जाणाऱ्या विमान कंपनीच्या कॉकपिटमध्ये त्याचा उपयोग नाही.

रंगीत काचांचे चष्मे आणि लेन्स यांवरही पैसे घालवू नका. त्या फक्त फरक गडद करतात, मूळ दोष जात नाही, आणि त्या घालून दिलेली चाचणी मानली जात नाही.

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचं उदाहरणही पालक देतात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रंगदृष्टीदोष असलेल्या विद्यार्थ्याला तिथे फिल्म एडिटिंगला प्रवेश द्यायला सांगितलं, हे खरं आहे. मला त्या निकालाचा आनंदच झाला होता. पण विमानाच्या मेडिकलला तो लागू होत नाही.

पर्याय न तपासता धरणं

‘मग एटीसी करतो,’ असं मुलं म्हणतात. हवाई वाहतूक नियंत्रकालाही क्लास थ्री मेडिकल असतं आणि त्यातही रंग बघतात. आंतरराष्ट्रीय नियमांत फ्लाइट डिस्पॅचरला मात्र वैद्यकीय वर्गच नाही. उड्डाणाचा मार्ग, इंधन, हवामान यांचं नियोजन तो करतो. विमानांवर जीव असलेल्या मुलाला हे काम दुय्यम वाटू नये असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र लगेच डॉक्टरांना दाखवायची. लहानपणी सगळी पानं नीट वाचणारा मुलगा आता अडखळत असेल, किंवा दोन डोळ्यांनी वेगवेगळं दिसत असेल, तर तो दोष जन्मजात नसावा. क्षयाच्या उपचारातलं एथॅमब्युटॉल दृष्टीच्या नसेवर परिणाम करू शकतं. औषध स्वतःहून बंद करू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

आणि जन्मजात दोष निघालाच तर घरातल्या धाकट्या भावालाही तपासणीला घेऊन या. लाल-हिरव्याचा हा दोष आईकडून येतो, त्यामुळे त्यालाही तो असण्याची शक्यता निम्मी असते. त्यानेही आतापासूनच खोलीत विमानांची चित्रं लावली असतील.