पदनामात ‘मॅनेजर’ असलं तरी ओव्हरटाइम कसा मागावा

ऐरोली-महापेच्या ऑफिसांत एक सल्ला हमखास मिळतो: “पगारी माणसाला ओव्हरटाइम नसतो.” साफ चूक. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ महिन्याचा पगार घेणाऱ्यालाही लागू होतो. आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं की त्या तासांचा दर दुप्पट. तासाला १५० रुपये पडत असतील तर ३००. “पगारात सगळं धरलंय” हे ऑफर लेटरमधलं वाक्य कायद्यापेक्षा मोठं नाही.

तासांची नोंद सोपी. पंचिंगचा रिपोर्ट दर महिन्याला काढून ठेवा. राजीनामा दिला की लॉगिन बंद होतं.

खरी गाडी अडते पदनामावर. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदांना कायद्यातून सूट आहे. महापेच्या एका कंपनीत मी ‘असिस्टंट मॅनेजर’ होतो. पहिल्यांदा नुसता तासांचा तक्ता घेऊन एचआरकडे गेलो. त्यांनी तो उघडलाही नाही, नेमणूकपत्रातल्या पदनामावर बोट ठेवलं. मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर आहे. पदनाम नव्हे, प्रत्यक्ष काम बघायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलंय. म्हणून स्वतःला विचारा: रजा कोण मंजूर करतं? माणूस कोण घेतं, कोण काढतं? टीममधल्या सहा जणांचे रजेचे अर्ज माझ्याकडे यायचे, पण माझ्या स्क्रीनवर बटण एकच, ‘फॉरवर्ड’. ‘अप्रूव्ह’ पुण्याच्या साहेबांकडे. बाकी दिवसभर मी स्वतः बिलं तपासत बसायचो. दोन आठवडे हे रोज वहीत लिहिलं: किती वाजता, कोणतं काम, कोणी सांगितलं. दुसऱ्या वेळी तक्त्याआधी वही पुढे केली, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

आणि अप्रेझलच्या फॉर्ममध्ये “पूर्ण टीम सांभाळतो” असं फुगवून लिहू नका. माझ्यासमोर नेमका तोच कागद आणून ठेवला होता. मंजुरीचे अधिकार खरोखर तुमच्याकडे असतील, तर मात्र या वाटेला जाऊ नका.

मग एचआरला मेल. दाद लागली नाही तर ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात दोन प्रतींत अर्ज. आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय टेबलापासून हलू नका.