जुन्या विंडोजवर आपले सॉफ्टवेअर कुठवर चालू ठेवावे?

जळगाव-धुळ्यातील आडत दुकाने, डाळ मिल आणि जिनिंग यांच्यासाठी हिशेबाचे व वजनकाट्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना जुन्या विंडोजचे काय करायचे, हे अधूनमधून ठरवावेच लागते. त्याचे उत्तर जगभरच्या वापराच्या टक्केवारीत शोधू नये. ती टक्केवारी बहुधा वेबसाइटना भेट देणाऱ्यांवरून काढलेली असते, आणि चोपड्याच्या एखाद्या जिनिंगमधला काट्यावरचा संगणक इंटरनेटला जोडलेलाच नसेल, तर तो तिच्यात येणार कुठून?

म्हणून मोजणी आपल्याच ग्राहकांची करावी. परवाना नूतनीकरणाच्या किंवा अपडेटच्या वेळी, ग्राहकाला सांगून, विंडोजची आवृत्ती आणि ती ३२ बिट आहे की ६४ बिट, एवढे नोंदवून घ्यावे. जेथे इंटरनेट नाही तेथे दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाने ते वहीत लिहून आणावे. या नोंदीत एक खोच आहे. प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे तो कोणत्या विंडोजवर चालतो हे सांगणाऱ्या नोंदीत, नव्या आवृत्त्यांचा उल्लेख नसेल आणि आवृत्ती जुन्या पद्धतीने विचारली असेल, तर विंडोज १० देखील स्वतःला ६.२, म्हणजे विंडोज ८, म्हणवते. विंडोज ११ चा क्रमांकही १०.० असाच येतो. बिल्ड, म्हणजे आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक, २२००० किंवा त्यापुढचा असेल तरच ते ११ समजावे.

आकडे हाती आले की जुना संगणक का टिकून आहे, हे विचारावे. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा. कारण नेहमी पैशाचेच असते असे नाही. काट्याच्या इंडिकेटरकडून नऊ पिनांची सिरियल केबल येते, नव्या संगणकाला तो पोर्ट नसतो, आणि ऐन हंगामात कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या असताना काटा बंद पडण्याचा धोका कोणताही मालक पत्करत नाही. ३२ बिट प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालतो, पण ३२ बिट ड्रायव्हर, म्हणजे जोडलेले उपकरण चालवणारा प्रोग्राम, चालत नाही. त्यामुळे जुनी कार्डे आणि जुने डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची चावी म्हणून जोडायचे उपकरण) तेथे अडतात. अशा ठिकाणी विंडोज ७ साठी वर्षानुवर्षे कोड सांभाळण्यापेक्षा एखादा यूएसबी कन्व्हर्टर स्वतः तपासून सुचवणे स्वस्त पडते.

यानंतर आपण वापरतो ती साधने किती मागे जाऊ देतात, ते पाहावे. विंडोज ७ चा नियमित सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी आणि ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी संपला. विंडोज ७ वर पायथन ३.८ व गो १.२० या प्रोग्रामिंग भाषांच्या आणि क्रोमच्याच इंजिनवर प्रोग्राम बनवण्याच्या इलेक्ट्रॉन २२ या साधनाच्या पुढे जाता येत नाही, क्रोमही १०९ वर थांबले. मात्र डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ हे मायक्रोसॉफ्टचे साधन सर्व्हिस पॅक १ असलेल्या विंडोज ७ वर चालते. प्रोग्राम त्यावर बेतलेला असेल तर विंडोज ७ सांभाळण्याचा खर्च मुख्यतः चाचणीचा उरतो. इलेक्ट्रॉनवर असेल तर सुरक्षा दुरुस्त्या बंद झालेले इंजिन ग्राहकाच्या माथी मारावे लागते, आणि ते करू नये.

सपोर्ट म्हणजे ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच नव्हे. एखादी आवृत्ती नव्या सुविधांशिवाय, केवळ अत्यावश्यक दुरुस्त्यांपुरती चालू ठेवता येते. त्यासाठी कराचे दर कोडमध्ये न लिहिता डेटाच्या तक्त्यात ठेवावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा असा तक्ता असलेल्या गोठवलेल्या आवृत्तीतही फक्त आकडे बदलून काम भागण्यासारखे होते.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, पण मायक्रोसॉफ्टची तारीख ती आपली तारीख मानू नये. टीपीएम २.० या सुरक्षा चिपच्या किंवा प्रोसेसरच्या अटीमुळे ज्यांवर ११ अधिकृतपणे बसत नाही, असे कितीतरी चांगले संगणक दुकानांत आहेत. शिवाय ऑक्टोबर म्हणजे कापूस येऊ लागण्याचा काळ. जिनिंगवाल्यांसाठी बदल उन्हाळ्यात ठेवावा आणि तसे आदल्या दिवाळीपूर्वीच लेखी कळवावे.

शेवटी, नव्या इन्स्टॉलरने जुनी विंडोज दिसताच कोणतीही फाइल न बदलता थांबावे आणि कारण स्वच्छ मराठीत सांगावे. आपोआप होणाऱ्या अपडेटलाही हीच तपासणी लावावी. जुन्या विंडोजवर चालणारा शेवटचा इन्स्टॉलर जपून ठेवावा, आणि त्यातला बॅकअप नव्या आवृत्तीत उघडतो की नाही, हे सपोर्ट बंद करण्याआधी प्रत्यक्ष उघडून पाहावे.