घालून न बघता रनिंगचे शूज मागवताय? आधी पाय मोजा

आमच्या कराडात शूजची दुकानं ढीगभर आहेत, पण रनिंगचे शूज मागितले की दुकानदार जे काढून दाखवतो ते बहुतेक वेळा कॉलेजला घालायचे स्नीकर असतात, आणि चुकून खरोखर पळायचा जोड निघालाच तर आपल्या नंबरात एकच पीस, तोही पोपटी. फक्त घालून बघायला पुण्याला जायचं म्हणजे एक रविवार गेला आणि पेट्रोल वेगळंच. म्हणून गेली सहा-सात वर्षं मी सगळे शूज ऑनलाइनच मागवतोय. त्यातले दोन जोड पाण्यात गेले, एक मेव्हण्याच्या पायात गेला, बाकीचे मस्त बसले, आणि जे बसले ते मोजून मागवले होते म्हणून बसले.

पाण्यात गेलेल्या पहिल्या जोडाची गोष्ट सांगतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलं होतं, महिनाभर राहिला होता, सेल लागला होता, मी डोळे झाकून नेहमीचा आठ नंबर टाकला, फक्त कंपनी दुसरी होती (नाव जाऊ दे, चूक माझीच). आल्यावर घातला, घरात दोन पावलं टाकली, ओके वाटला, दुसऱ्या दिवशी डायरेक्ट रोडवर. सपाटीला काही जाणवलं नाही. पण ती रेस ज्यांनी केलीय त्यांना माहितीय, जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा आणि येताना तोच उतरायचा, आणि उतारावर प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकतो. खाली येईपर्यंत उजव्या अंगठ्याचं नख जांभळं झालं, दोन महिन्यांनी गळून पडलं. आणि शूज परत घेणार कोण, सोलला घाटाची माती लागलेली.

तर पहिलं काम, "माझा नंबर आठ" हे डोक्यातून काढा. नंबर कंपनीगणिक बदलतो, आणि हे नुसतं ऐकीव नाही, चार्टवरच लिहिलेलं असतं, आपणच बघत नाही. पुरुषांच्या शूजमध्ये नाइकीचा यूके ८ म्हणजे २७ सेंटिमीटर, आदिदासचा यूके ८ म्हणजे साडेसव्वीस, अ‍ॅसिक्सचा यूके ८ परत २७. म्हणजे एकाच आकड्यात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक, आणि यूके मापात अर्धा नंबर म्हणजे साधारण ४ मिलिमीटरच असतात, त्यामुळे हा फरक एका अख्ख्या अर्ध्या नंबराहून मोठा झाला. यूएस नंबर बघायला गेलात तर अजून गोंधळ, नाइकीचा यूके ८ हा यूएस ९ आणि आदिदासचा यूके ८ हा यूएस साडेआठ. काही लोक परदेशातल्या भावाला "नऊ नंबर घेऊन ये" असा मेसेज टाकतात आणि मग तो बिचारा बॅगेत कोंबून आणतो आणि इकडे बसत नाही, त्याच्यामागचं कारण हेच असतं. युरोपियन आकडा म्हणजे ४२, ४३ वगैरे, तोही प्रत्येक कंपनी स्वतःच्या हिशोबाने गोल करते. भरवसा ठेवायचा तो सेंटिमीटरवर. बुटाच्या जिभेच्या आत जे लेबल शिवलेलं असतं त्यावर यूएस, यूके, ईयू असं सगळं लिहून शेवटी सीएम किंवा जेपी असा एक आकडा असतो, तो आपला.

आता पाय मोजायचा कसा. सकाळी उठल्याउठल्या नाही, संध्याकाळी. दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगतो आणि पळताना तर फुगतोच. पळताना घालता तेच मोजे घाला. भिंतीला लागून फरशीवर कोरा कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा, आणि पूर्ण वजन टाकून सरळ उभे राहा, बसून मोजलं तर पाय आखूड भरतो. खूण दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा, कारण स्वतः वाकलात की टाच भिंतीपासून सुटते. मी पोराला सांगतो. तो पेन्सिल तिरपी धरतो त्यामुळे आत सरकून अर्धा सेंटिमीटर खातो, पेन्सिल एकदम उभी पाहिजे. सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजायचं, आणि ते अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा. माझा डावा २६.१ आणि उजवा २६.६ निघाला, चाळिशी आली तरी मला हे माहीत नव्हतं, आणि नख कुठल्या पायाचं गेलं ते वर सांगितलंच. मोठा पाय असेल त्याच्या मापाने मागवायचं, छोट्या पायाचं लेस घट्ट करून भागतं.

इथे एक घोळ होतो. लेबलवरचे सेंटिमीटर हे बुटाच्या आतल्या लांबीचे नसतात, साधारण त्या लांबीच्या पायाला हा बूट चालेल असं कंपनीचं म्हणणं असतं. थोडी मोकळी जागा त्यात धरलेली असते, पण ती पळणाऱ्याला पुरेलच असं नाही. मी पायाच्या मापावर अर्धा ते पाऊण सेंटिमीटर वाढवून लेबलचा आकडा निवडतो, म्हणजे २६.६ ला लेबल २७ किंवा साडेसत्तावीस. आता यातलं कुठलं, हे ठरवायला एक साधी युक्ती आहे आणि मला विचाराल तर या सगळ्यात तीच सगळ्यात भारी. घरात जो बूट तुम्हाला पळताना झकास बसतो, जुना झिजलेला का असेना, त्याचा इनसोल म्हणजे आतली पातळ गादी उपसून काढा, बहुतेक रनिंग शूजचा निघतो. जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहा. लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहतेय का बघा, आणि चवड्याची कड बाजूने इनसोलच्या बाहेर लोंबतेय का तेही बघा. मग टेपने त्याची लांबी मोजा आणि त्या बुटाच्या जिभेवरचा सीएमचा आकडाही लिहून ठेवा. माझा बसणारा इनसोल २७.८ भरला, म्हणजे मोठ्या पायापेक्षा जवळपास सव्वा सेंटिमीटर जास्त, आणि त्या बुटाचं लेबल होतं साडेसत्तावीस. म्हणजे माझा आकडा ठरला. त्याच कंपनीचा बूट असेल तर प्रश्नच मिटला, वेगळी कंपनी असेल तर तिच्या चार्टमध्ये साडेसत्तावीसच्या समोर जो काय यूके नंबर असेल तो.

लांबी झाली, पण आपल्याकडच्या पायांचं खरं दुखणं रुंदी आहे. लहानपणापासून चपला, सँडल, नाहीतर अनवाणी, पाय पुढून छान पसरलेला असतो. चेन्नईच्या सीएलआरआय या चामड्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, त्यातही हेच निघालं की भारतीय पाय सरसकट जास्त रुंद असतात, आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. पण आपण मागवतो ते शूज बाहेरच्या साच्यावरचेच. मग लोक काय करतात, रुंदीला बसत नाही म्हणून एक नंबर मोठा घेतात, आणि टाच मागून फतक-फतक सुटते. त्यापेक्षा रुंद साचा मागवा. पुरुषांच्या शूजला साधी रुंदी डी, रुंद म्हणजे टू-ई, एकदम रुंद म्हणजे फोर-ई. बायकांच्यात साधी बी आणि रुंद डी. न्यू बॅलन्स, ब्रूक्स, अ‍ॅसिक्स यांच्या काही मॉडेल्सना हे मिळतं, साइटवर 'वाइड' असं लिहिलेलं असतं, शोधावं लागतं आणि पटकन संपतं. माझ्या बहिणीचा पाय रुंद आहे, लेडीजमध्ये वाइड मिळेना, शेवटी तिने जेन्ट्सचा घेतला, सेंटिमीटर बघून, आणि आता रंगावरून कुरकुरते पण पळते त्यातच.

आता मॉडेल कुठलं. पहिलेच शूज असतील तर साधा रोजच्या पळण्याचा जोड घ्या, सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी घातलेल्या, कार्बन प्लेटवाल्याच्या नादी लागू नका, तो रेसचा खेळ आहे आणि वरून महाग. एक आकडा मात्र बघा, ड्रॉप, म्हणजे टाचेची जाडी आणि चवड्याची जाडी यातला फरक. बरेचसे नेहमीचे शूज ८ ते १० मिलिमीटरचे असतात, होका कंपनीचे बरेच ५ च्या आसपास, अल्ट्रा कंपनीचे बहुतेक शून्य. आत्ता १० वर पळत असाल आणि एकदम शून्यावर उडी मारलीत तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर आठवडाभर तुमचा उद्धार करेल. आणि ते ओल्या पायाचा ठसा बघून सपाट पाय की कमानदार पाय, मग त्याप्रमाणे शूज, त्यात फार अडकू नका. अमेरिकन सैन्यात नवीन भरतीच्या मुलांना पायाच्या कमानीप्रमाणे शूज देऊन बघितले होते, २००९-१० च्या सुमाराचे अभ्यास आहेत, दुखापतींमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे संशोधक बेनो निग या विषयात आयुष्य घालवलेले, त्यांचं म्हणणंही असंच की पायाला जो आरामदायक वाटतो तो घ्या. पाय आधीच दुखत असेल तर मात्र डॉक्टरला दाखवा, शूज बदलून बघत बसू नका.

ऑर्डर टाकताना किमतीच्या आधी रिटर्नची ओळ वाचा. किती दिवस, पैसे परत की नुसता एक्स्चेंज, आणि सेलच्या मालाला लागू आहे का, कारण तिथेच गेम होतो. दोन नंबरात अडकला असाल आणि रिटर्न फुकट असेल तर दोन्ही मागवा, एक परत करा. विकणारा कोण तेही बघा, नवीनकोरं मॉडेल सत्तर टक्के सूट म्हटलं की ती फर्स्ट कॉपी समजायची.

पार्सल आलं की खरी ट्रायल सुरू होते, दुकानात करतो तीच, फक्त घरात. टॅग कापू नका. संध्याकाळी, तेच मोजे, दोन्ही शूज, लेस शेवटपर्यंत बांधून, स्वच्छ चादर अंथरून त्यावर. उभं राहून पुढे अंगठ्याएवढी जागा आहे का दाबून बघा, बोटं हलतात का बघा. मग टाच जमिनीवर ठोकून पाय मागे बसवा आणि पंधरा-वीस मिनिटं घरातल्या घरात फिरा, जागेवर जॉगिंग करा. घरातच जिना असेल तर पुसून घेऊन पाच-सहा वेळा उतरा, बोटं पुढे टेकली की नंबर छोटा, विषय संपला. टाच मागे थोडी सुटत असेल तर लगेच परत करू नका, सगळ्यात वरचं जादा भोक असतं ना जे आपण कधीच वापरत नाही, त्यात लेस त्याच बाजूला परत ओवून छोटा फासा करा आणि समोरची लेस त्या फाशातून काढून मग गाठ मारा, टाच गच्च धरते.

आणि "घालून घालून सैल होईल" हे अजिबात नाही. कोल्हापुरीला तेल पाजायचं, चार दिवस चावून घ्यायचं, मग ती पायाची होते, ही सवय आपल्याला आहे, पण रनिंगचा शूज पहिल्या मिनिटापासून बरा वाटला पाहिजे. करंगळीला चावतोय म्हणजे एकविसाव्या किलोमीटरला फोडणार. परत पाठवताना कंपनीचा बॉक्स दुसऱ्या पिशवीत घाला, बॉक्सवर डायरेक्ट चिकटपट्टी मारली म्हणून एकदा माझं पिकअप परत गेलंय, आणि पॅक करतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

एकदा जोड नीट बसला की जिभेच्या लेबलचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवून द्या, मॉडेलच्या नावापुढचा आकडासुद्धा त्यात आला पाहिजे, कारण पुढच्या वर्षी तेच नाव पण आकडा वाढलेला आला की कधीकधी पुढचा भाग अरुंद झालेला असतो. नवीन व्हर्जन निघालं की जुन्याची किंमत उतरते. मी तेव्हा तोच जुना, तोच नंबर अजून एक उचलतो आणि कपाटात टाकतो, साधारण एक जोड ५०० ते ८०० किलोमीटर जातो म्हणजे माझं वर्ष निघतं. आमच्या मंडळींना वाटतं मी तेच शूज दोनदा मागवले चुकून.