डाव्या खुर्चीत बसण्यापूर्वी: रीजनल कंपनीतील कॅप्टन अपग्रेडची तयारी

अमेरिकेतील रीजनल, म्हणजे छोट्या मार्गांवर लहान जेट चालवणाऱ्या, विमान कंपनीत एम्ब्रेअर १७५ किंवा सीआरजे या जेटच्या उजव्या खुर्चीत बसणाऱ्या फर्स्ट ऑफिसरने (को-पायलटने) कॅप्टन अपग्रेडची, म्हणजे कॅप्टनपदी बढतीची, तयारी बिड (त्या जागेसाठी केलेली मागणी) लागण्याच्या निदान सहा महिने आधी सुरू करावी, आणि ती लॉगबुकापासून करावी. कारण सिम्युलेटरमध्ये अडखळलेल्याला पुन्हा संधी मिळू शकते, पण कायद्याने लागणारा एक तास जरी कमी भरला तरी त्याला कॅप्टन म्हणून बसवता येत नाही.

पहिली मोजणी १,००० तासांची आहे. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या) भाग १२१ खाली, म्हणजे विमान कंपन्यांच्या नियमांखाली, चालणाऱ्या उड्डाणांत को-पायलट म्हणून इतका अनुभव हवा. भाग १३५ (चार्टर व छोट्या प्रवासी सेवांचे नियम) मधील ठरावीक उड्डाणांत कॅप्टन म्हणून केलेले तास त्यात मिळवता येतात, आणि सैन्यातून आलेल्यांना काही अटींवर ५०० तासांपर्यंत सवलत आहे. ज्यांनी विमान चालवण्याचे पहिले धडे धुळ्यात किंवा बारामतीत घेतले, त्यांचे तिथले तास एकूण बेरजेत येतात, या हजारात येत नाहीत, हे आधीच लक्षात घ्यावे.

दुसरी मोजणी एटीपी (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट) परवान्याची आहे आणि घोटाळे बहुधा इथेच होतात. विमानविद्येची पदवी घेऊन १,००० तासांवर मर्यादित एटीपी मिळालेल्याने कॅप्टन होण्याआधी ती मर्यादा काढून घेतली पाहिजे. त्यासाठी वयाची २३ वर्षे आणि एकूण १,५०० तास लागतात, हे सर्वांना पाठ असते. मर्यादित परवान्याला क्रॉस-कंट्रीचे (एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी केलेल्या उड्डाणांचे) २०० तास चालतात, पूर्ण परवान्याला ५०० लागतात, हे मात्र अनेकांच्या ध्यानात नसते. नवी उड्डाणपरीक्षा द्यावी लागत नाही, पण तास दाखवावे लागतात; म्हणून लॉगबुकाच्या प्रत्येक पानाची बेरीज एकदा हाताने करावी. ॲपवर विसंबून राहू नये, असे माझे मत आहे.

मेडिकलची (वैद्यकीय प्रमाणपत्राची) तारीखही पाहावी. साठीच्या आतल्या को-पायलटला दोन वैमानिकांच्या उड्डाणात कायद्याने सेकंड क्लास चालते. कॅप्टनला फर्स्ट क्लासच लागते, आणि चाळिशीनंतर तिची मुदत सहाच महिने असते. कॅप्टनांच्या सीनियॉरिटी (ज्येष्ठता) यादीत नवा कॅप्टन तळाशी जातो, त्यामुळे रिझर्व्ह (बोलावणे येईल तेव्हा हजर होण्याची ड्यूटी) आणि कदाचित दुसरे बेस (ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर) वाट्याला येते. याविषयी घरी आधीच बोलून घ्यावे.

खरी तयारी मात्र रोजच्या ड्यूटीवर होते आणि तिला पैसा लागत नाही. डिस्पॅच रिलीजवर (उड्डाणाला परवानगी देणाऱ्या कागदावर) कॅप्टन आणि डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणाचे नियोजन करणारा) या दोघांची सही असते, म्हणजे उड्डाण सुरक्षित होईल याची जबाबदारी दोघांचीही असते. आजचा कॅप्टन सही करण्याआधी आपण मनात सही करून पाहावी: पोहोचण्याच्या वेळेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत ढगांचा तळ २,००० फूट आणि दृश्यता तीन मैल राहणार नसेल तर पर्यायी विमानतळ लिहिला आहे का, तिथपर्यंतचे आणि त्यावर ४५ मिनिटांचे इंधन आहे का, एमईएलखाली (कोणते उपकरण बंद असताना उडता येते याच्या मंजूर यादीखाली) बंद ठेवलेल्या उपकरणामुळे बर्फाळ ढगांत जाण्यास मनाई तर होत नाही ना. मग कॅप्टनचा निर्णय ऐकावा आणि आपला वेगळा का ठरला हे त्यांनाच विचारावे. बहुतेक जण आनंदाने सांगतात.

हा आग्रह उगाच नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअरचे ३४०७ हे उड्डाण कोसळले आणि ५० जणांचा मृत्यू झाला. स्टॉलचा (पंखांची उचल जाण्याचा) इशारा मिळाल्यावर, नाक खाली घेण्याऐवजी, कॅप्टनने योक (विमान वळवण्याचा व वर-खाली नेण्याचा दांडा) मागे ओढला होता. त्यानंतरच्या कायद्यातून २०१३ चे तासांचे नियम आले, आणि २०२० च्या नियमाने कॅप्टनसाठी नेतृत्व व कमांडचे प्रशिक्षण सक्तीचे झाले.

प्रशिक्षणाला जाण्याआधी हातांची अदलाबदल घरीच घोटावी. आता योक डाव्या हातात आणि थ्रस्ट लीव्हर (इंजिनांचा जोर कमी-जास्त करण्याचे दांडे) उजव्या हातात येणार. सीआरजेत नाकाचे चाक वळवण्याचा टिलर केवळ डावीकडे असल्याने टॅक्सी करणे तर नव्यानेच शिकावे लागते. खुर्चीत बसून, डोळे मिटून, रद्द केलेल्या टेकऑफच्या हालचाली मोठ्याने म्हणत कराव्यात. शेजाऱ्यांना काय वाटेल याची चिंता नसावी.

सिम्युलेटरनंतर जेटवर साधारण २५ तास चेक पायलटच्या (परीक्षक वैमानिकाच्या) देखरेखीखाली प्रवासी घेऊन उडावे लागते, आणि त्यात टेकऑफ व लँडिंग असलेल्या किमान एका टप्प्यावर एफएएचा निरीक्षक पाहायला बसतो. त्यापुढे, त्या प्रकारच्या विमानावर कॅप्टन म्हणून १०० तास होईपर्यंत, उतरण्याच्या किमान मर्यादा वाढवून धराव्या लागतात: उंचीत १०० फूट, दृश्यतेत अर्धा मैल. इतरांना २०० फूट आणि अर्धा मैल पुरणाऱ्या आयएलएसवर (रेडिओ संकेतांच्या आधारे धावपट्टीवर उतरण्याच्या पद्धतीवर) आपल्याला ३०० फूट आणि एक मैल लागणार, ही नोंद पहिल्या दिवसापासून किटबॅगेत कार्डावर लिहून ठेवावी आणि डिस्पॅचरला फोनवर न विसरता सांगावी.