पाहुणे आठला, बागेत सहाला

पॅरिसात शनिवारी फ्रेंच मंडळींना जेवायला बोलावलंय ना? मग मटणाचा रस्सा आदल्या दिवशी करून ठेवलात तरी चालेल, पाव मात्र त्याच संध्याकाळी आणायचा. 'बागेत' हा लांबडा, काठीसारखा फ्रेंच पाव (आई अजून फोनवर विचारते, "कुठल्या बागेत?") सकाळी घेतला तर रात्री चिवट होतो. अंगानं बारीक, त्यामुळे लवकर वाळतो.

दोन दिवस आधी बेकरीची आठवड्याची सुट्टी तेवढी बघून ठेवा. प्रत्येकाची वेगळी असते. दारावर 'बुलांजरी' लिहिलेलं हवं. १९९८ च्या कायद्यामुळे ही पाटी लावणाऱ्याला पीठ तिथंच मळून तिथंच भाजावं लागतं, गोठवलेलं चालत नाही.

आत शिरताच आधी 'बाँजूर' म्हणजे नमस्कार, मग 'त्रादिसियों' मागा. नुसता बागेत म्हणालात तर साधा, स्वस्तातला हातात येतो. त्रादिसियोंवर १९९३ च्या सरकारी हुकमाचं बंधन आहे: पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवलेल्या पिठाचं विरजण, बाहेरची रसायनं नाहीत. सोबत 'बियाँ क्वीत' म्हणा, म्हणजे खरपूस भाजलेला देतील. बरेच लोक फिकट मागून नेतात. मला ते कळत नाही, चव सगळी त्या तांबूस कवचात असते. पाठ उलटून बघता आली तर बघा. बारीक ठिपक्यांची जाळी उमटली असेल तर तो जाळीच्या ट्रेमध्ये भाजलेला. सपाट आणि पिठाळ असेल तर भट्टीच्या फरशीवरचा, तो घ्या. एक साधारण २५० ग्रॅमचा. सहा जणांना दोन पुरतात, पण तीन आणा, एकाचं टोक वाटेतच संपतं.

घरी आणल्यावर कागदी पिशवीतच राहू द्या. प्लॅस्टिकमध्ये गाभ्याचा ओलावा कवचात येऊन अडकतो आणि कवच चामड्यासारखं होतं. फ्रिजमध्ये तर नकोच नको. शिळा भात फ्रिजमधून काढल्यावर जसा टणक लागतो, तसंच इथं होतं: थंडाव्यात स्टार्च लवकर घट्ट होतो, म्हणून पाव बाहेरच्यापेक्षा फ्रिजमध्ये लवकर शिळा होतो. शनिवारी बेकरी बंदच असेल तर शुक्रवारी ताजा आणून, तुकडे करून, घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. वाढायच्या आधी बाहेर काढून सुटू द्या, ओला हात फिरवा आणि १८०–२०० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं ठेवा. हे एकदाच जमतं. दुसऱ्यांदा केलंत तर टोस्ट होतो.

कापायला दातेरी सुरी हवी. तिरके, दोन बोटं जाडीचे तुकडे, तेही सगळे टेबलावर आल्यावर. पावाला वेगळी ताटली लागत नाही, घरगुती जेवणात तुकडा सरळ टेबलक्लॉथवर ठेवतात. पाव उलटा मात्र ठेवू नका. जल्लादासाठीचा पाव पूर्वी बेकरीत उलटा ठेवत, अशी समजूत आहे आणि म्हातारी माणसं हटकून तो सुलटा करतात. लोणी सकाळच्या न्याहारीला, रात्री नाही. मुख्य जेवणानंतर चीज येईल तेव्हा टोपली पुन्हा भरलेली हवी, म्हणून तिसरा बागेत तोवर कापू नका. कुणी पावानं ताटलीतला रस्सा पुसून खाल्ला तर तुमचं मटण जमलं.

उरलेला रविवारी फ्रेंच लोक दूध-अंड्यात बुडवून तव्यावर परततात. आम्ही पाणी शिंपडून कुस्करतो आणि फोडणीच्या पोळीसारखा करतो. कांदा जरा जास्त घाला.