अमेरिकन क्रांतीआधीचे इंग्रज आणि वसाहतवाले : लिहिताना, शिकवताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या नोट्स असोत की चार जुलैला फिरणारे मेसेज, अमेरिकन क्रांतीची गोष्ट मराठीत साधारण एकाच साच्यात येते. इंग्रजांनी भरमसाट कर लादले, चहा महाग केला, चिडलेल्या लोकांनी तो समुद्रात फेकला आणि स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. एवढ्याशा गोष्टीत चुका भरपूर आहेत. त्यांतली सगळ्यांत मोठी चूक तर वाक्यात दिसतही नाही. अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांच्या जागी आपण नकळत स्वतःला बसवतो, आणि मग पुढचं सगळं चुकत जातं.

वसाहतवाले म्हणजे ‘तिकडचे आपण’ नव्हेत

बोस्टनचा व्यापारी किंवा व्हर्जिनियाचा तंबाखूचा मळेवाला स्वतःला जित समजत नव्हता. तो स्वतःला इंग्रज समजत होता, आणि भांडणाचं मूळ तिथेच आहे. १७५४ साली ओहायोच्या खोऱ्यात फ्रेंचांवर चालून गेलेला बावीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन राजाच्या पलटणीत कायमची सनद मिळावी म्हणून धडपडत होता. १७६३ मध्ये पॅरिसचा तह होऊन फ्रेंच हटले, तेव्हा वसाहतींनी आनंद साजरा केला तो इंग्रज प्रजा म्हणूनच. मे १७६५ मध्ये पॅट्रिक हेन्रीने व्हर्जिनियाच्या सभागृहात ठराव मांडले. त्यांतही म्हणणं हेच होतं की इथे आलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांनी इंग्रजांचे सगळे हक्क सोबत आणले आहेत. इंग्रज माणसावर कर बसवायचा तर त्याच्या प्रतिनिधीची संमती लागते. मग आम्हाला का नाही?

ज्यांना त्या भूमीवर खरोखर ‘जित’ म्हणता येईल, ते वेगळेच होते. एक म्हणजे तिथले मूळ रहिवासी. पाँटियॅक या ओडावा सरदाराच्या नेतृत्वाखाली त्यांनी १७६३ मध्ये उठाव केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राजाने जाहीरनामा काढला, की अॅपलाशियन डोंगरांच्या पश्चिमेला वसाहतवाल्यांनी वस्ती करू नये. लंडनला सीमेवरच्या लढायांचा खर्च नको होता, एवढाच त्यातला कळवळा. पण जमिनींवर डोळा ठेवून बसलेल्यांना, आणि त्यांत वॉशिंग्टनही होता, हा जाहीरनामा डाचला. दुसरे म्हणजे गुलाम. तेरा वसाहतींच्या लोकसंख्येत दर पाच माणसांमागे साधारण एक आफ्रिकी वंशाचा गुलाम होता. म्हणून ‘जनतेने जुलमाविरुद्ध आवाज उठवला’ असं लिहिण्याआधी जनता म्हणजे कोण, ते ठरवून घ्या. बऱ्याचदा तिथे ‘मतदानाचा हक्क असलेले मालमत्ताधारक’, ‘बंदरातले व्यापारी’ किंवा ‘गोदीतले कामगार आणि खलाशी’ असं नेमकं लिहिता येतं.

हिंदुस्थानशी तुलना करायचीच असेल तर ती १७६५ या वर्षाची करा. स्टॅम्पच्या कायद्यावरून (कायदेशीर कागदपत्रं, वर्तमानपत्रं अशा छापील-लेखी कागदांवर पार्लमेंटने बसवलेला कर) अमेरिकेत गदारोळ चालू होता, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शाह आलमने ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी दिली. पार्लमेंटमध्ये आमचा प्रतिनिधी नाही असं बंगालच्या रयतेने कुणाला सांगायचं होतं?

‘करांच्या ओझ्याखाली पिचलेले’ हे विसरा

फ्रान्सविरुद्धच्या, १७६३ मध्ये संपलेल्या सात वर्षांच्या युद्धाने ब्रिटनचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं होतं. अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचं ठरलं, आणि त्यांचा थोडा खर्च वसाहतींनी उचलावा असं पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिलला वाटलं. ब्रिटनमधला माणूस वसाहतवाल्यांच्या कितीतरी पट कर भरत होता. स्टॅम्प कागदाचा कर तर इंग्लंडमध्ये १६९४ पासून होताच.

मळीचं उदाहरण बघा. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या ईशान्येकडच्या वसाहतींत, रम गाळायला कॅरिबियन बेटांवरून मळी येई. फ्रेंच बेटांच्या मळीवर १७३३ पासून गॅलनला ६ पेन्स जकात होती. १७६४ च्या साखर कायद्याने ती ३ पेन्सवर आणली. जकात निम्मी झाली आणि लोक भडकले! कारण उघड आहे. सहा पेन्स फारसं कुणी भरतच नव्हतं. जकात अधिकाऱ्याच्या हातावर थोडंबहुत ठेवलं की काम व्हायचं. आता आरमाराची जहाजं चोरटा माल पकडू लागली, आणि खटला आरमारी न्यायालयात जाऊ लागला, जिथे ज्युरी नसे. गावातले बारा ओळखीचे लोक सोडून देतील ही सोयच गेली.

१७६७ च्या टाउनशेंड करांबाबत (अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने बसवलेले म्हणून हे नाव) तर मराठी पुस्तकं काच, शिसं, रंग, कागद, चहा ही यादी पाठ करून घेतात आणि पुढे सरकतात. महत्त्वाचं आहे ते हे पैसे कशासाठी होते. गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार त्यातून द्यायचे होते. बहुतेक वसाहतींत तोवर गव्हर्नरचा पगार स्थानिक सभागृह मंजूर करी, आणि गव्हर्नर डोईजड झाला की पगार लटकवून ठेवी. राजाच्या माणसाची दोरी अशी वसाहतवाल्यांच्या हातात होती. कर किती, यापेक्षा ही दोरी सुटणार याचा धसका मोठा होता. माझ्या मते क्रांतीपूर्व दहा-बारा वर्षांचं सार या एका बाबीत जितकं सापडतं, तितकं चहाच्या सगळ्या कथांत मिळून सापडत नाही.

चहा महाग झाला नव्हता, स्वस्त झाला होता

तरीही चहाकडे यायलाच हवं, कारण सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. १७७० मध्ये टाउनशेंडचे बाकीचे कर उठले, चहावरची पौंडाला ३ पेन्स जकात मात्र राहिली. मे १७७३ च्या चहा कायद्याने नवा कर मुळीच बसवला नाही. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा डबघाईला आली होती. १७७० च्या दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झालेला, आणि लंडनच्या गोदामांत चहाचे डोंगर पडून. तोवर कंपनीला लंडनमध्ये लिलावातच चहा विकावा लागे. तिथून व्यापारी तो अमेरिकेला नेत. नव्या कायद्याने कंपनी आपल्या नेमलेल्या अडत्यांकडे थेट माल पाठवू शकत होती, आणि ब्रिटनमधली जकात तिला परत मिळणार होती. त्यामुळे हा चहा चोरट्या डच चहापेक्षाही स्वस्त पडण्याची चिन्हं होती.

मग राग कसला? स्वस्त चहा घेतला की तीन पेन्स भरले, आणि भरले की पार्लमेंटचा कर बसवण्याचा हक्क मान्य केला, अशी ती मेख होती. शिवाय चोरट्या व्यापाऱ्यांचा धंदा बसणार होता, आणि बोस्टनच्या अडत्यांत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते. जहाज बंदरात आल्यापासून वीस दिवसांत जकात भरावी लागे. ‘डार्टमथ’ या चहाच्या जहाजाची मुदत १७ डिसेंबरला संपत होती आणि जकात भरल्याशिवाय जहाज परत जाऊ द्यायला हचिन्सन तयार नव्हता. म्हणून १६ डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात गेल्या. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाची जहाजं परत फिरली. चार्ल्सटनला चहा उतरवून कोठारात बंद केला. म्हणजे समुद्रात फेकणं हा एकच मार्ग नव्हता. बोस्टनमध्ये तो अडवणुकीतून निघाला.

हा चहा आपल्याकडचा होता, ही खास भारतीय चूक. तो चीनचा होता, कँटनहून आलेला. आसामात चहाचे मळे लागले ते १८३० च्या दशकात. आणि ‘बोस्टन टी पार्टी’ हे नावही तेव्हाचं नाही, पन्नासेक वर्षांनी रूढ झालं. १७७३ मधल्या माणसाच्या तोंडी ते घालू नका. (काळ लक्षात ठेवायला एक खूण: नारायणराव पेशव्यांचा खून त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला.)

शेवट माहीत आहे म्हणून सुरुवात तशी लिहू नका

१७६३ पासूनच वसाहतींना स्वातंत्र्य हवं होतं, असं गृहीत धरलं की अनेक गोष्टींचा अर्थच लागत नाही. स्टॅम्पचा कायदा मार्च १७६६ मध्ये रद्द झाला, तेव्हा न्यूयॉर्कने कृतज्ञतेपोटी तिसऱ्या जॉर्जचा घोड्यावरचा पुतळा मागवला. शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. तो १७७० मध्ये उभा राहिला आणि जुलै १७७६ मध्ये गर्दीने पाडला. त्याच्या शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला एप्रिल १७७५ मध्ये रक्त सांडल्यावरही काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, जुलैत राजाकडे समेटाचा अर्ज धाडला. राजाने तो स्वीकारला नाही; ऑगस्टमध्ये त्याने वसाहती बंडखोर ठरवल्या. तोवर बहुतेकांचा राग पार्लमेंटवर आणि मंत्र्यांवर होता, राजावर नव्हे. यावर सोपा इलाज म्हणजे प्रत्येक मागणीपुढे तारीख लिहिणं. १७६५ ची मागणी १७७६ च्या तोंडून वदवली जात असेल तर लगेच लक्षात येतं.

घराघरांतही फूट होती. बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा विल्यम न्यूजर्सीचा राजनियुक्त गव्हर्नर होता आणि तो राजाशीच निष्ठावंत राहिला. बापलेकांचं पुढे कधी नीट जुळलं नाही.

काही किरकोळ, पण हमखास होणाऱ्या

‘ब्रिटिशांच्या अमेरिकेत तेरा वसाहती होत्या’ हे चूक. जमैका, बार्बाडोस, नोव्हा स्कॉशिया, क्यूबेक धरून त्याहून बऱ्याच होत्या. तेरांनी बंड केलं. सेंट किट्स आणि नेव्हिसवर १७६५ मध्ये स्टॅम्पचे कागद जाळले गेले, तरी ही बेटं साम्राज्यातच राहिली. सप्टेंबर १७७४ च्या पहिल्या काँग्रेसला बाराच वसाहतींचे प्रतिनिधी होते, जॉर्जिया गैरहजर. ५ मार्च १७७० च्या बोस्टनमधल्या गोळीबारात पाच जण मेले, आणि सैनिकांचं वकीलपत्र जॉन अॅडम्सने घेतलं, जो पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला.

आणि ‘इंग्रजांनी ठरवलं’ हे वाक्य शक्यतो टाळाच, कारण इंग्रजांतही एकमत नव्हतं. स्टॅम्पचा कायदा मागे घेताना पार्लमेंटने दुसरा कायदा केला, की वसाहतींवर कुठलाही कायदा करायचा आपला हक्क शाबूत आहे. उमरावांच्या सभागृहात त्याविरुद्ध मत देणाऱ्या पाच जणांत एक तरुण लॉर्ड कॉर्नवॉलिस होता. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरणागती पत्करलेली फौज त्याचीच. आणि १७९२ मध्ये टिपूच्या श्रीरंगपट्टणला वेढा घालून, पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांना सोबत घेऊन तहाच्या वाटाघाटी करणारा गव्हर्नर जनरलही तोच.