फिजिओथेरपी क्लिनिक: मशीनआधी माणसं जोडा

नवं क्लिनिक काढताना फिजिओथेरपिस्ट म्हणून परिषदेची नोंदणी झाली की जागा तळमजल्यावरच बघा. गुडघा बदललेल्या माणसाला जिना चढायला लावू नका. सगळी पुंजी मशीनमध्ये घालू नका. आयएफटी (दुखणं कमी करायला सौम्य विद्युतप्रवाह देणारं मशीन), भक्कम टेबल, थेराबँड (व्यायामाचे ताणायचे रबरी पट्टे), एवढ्यावर माझं सांगलीतलं क्लिनिक उभं राहिलं.

वेळ घालवा तो ओळखींवर. अस्थिरोगतज्ज्ञांना नुसतं कार्ड देऊन भागत नाही. त्यांनी पेशंट पाठवला की दोन आठवड्यांनी अर्ध्या पानाचं पत्र लिहा: गुडघा आधी 60 अंश वाकत होता, आता 95, दुखतं कुठे, पुढे काय करणार. असं पत्र मिळालेला डॉक्टर पुढचा पेशंट विश्वासाने पाठवतो. कमिशन मात्र कुणी मागितलं तरी देऊ नका. तो पैसा शेवटी पेशंटच्याच खिशातून जातो, आणि याची मला मनापासून चीड आहे.

गावातल्या इतर फिजिओंशी बोलत राहा. पक्षाघाताचे पेशंट मी न्यूरो करणाऱ्या मैत्रिणीकडे पाठवते, तिच्याकडचे खांदेदुखीचे माझ्याकडे येतात. मणक्याच्या सर्जनचा नंबरही आधीच जवळ ठेवा: कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर व्यायाम न देता पेशंटला लगेच तिकडे पाठवायचं असतं.